भिवंडीचे बीजगणित

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात धाग्याचा आकडा दोन उलट दिशांनी चालतो. कापसाचे सूत काउंटमध्ये मोजतात. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी भरतील, तितका त्या सुताचा काउंट. म्हणून २० काउंटपेक्षा ४० काउंटचे सूत बारीक. पॉलिस्टरचा धागा मात्र डेनियरमध्ये मोजतात. ९००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. इथे आकडा वाढला की धागा जाड होतो. ज्या घरात माग आहे किंवा ज्या घरातला कोणी मागावर उभा राहतो, तिथल्या मुलांच्या कानांवर हे आकडे लहानपणापासून पडतात. डेनियर हे समचलन आहे आणि काउंट हे व्यस्तचलन आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. एकाच धाग्याचा काउंट आणि त्याचे डेनियर यांचा गुणाकार केला, तर उत्तर नेहमी सुमारे ५३१५ येते. ४० काउंटचे सूत म्हणजे साधारण १३३ डेनियर. आलेखावर ही जोडी मांडली की बीजगणितातला सुरेख वक्र उमटतो.

आठवीच्या वर्गात व्यस्तचलन शिकवले जाते ते मजूर आणि दिवस यांच्या उदाहरणांनी. तिथे अडखळणारा मुलगा संध्याकाळी वडिलांचा डबा घेऊन कारखान्यात जातो आणि दोन बीमवरच्या धाग्यांतला फरक बोटांनी ओळखतो. त्याच्या बोटांना जे कळते आणि वहीत जे उतरत नाही, त्यांच्यामधले अंतर बुद्धीचे नाही. मधल्या पायऱ्या कोणी बांधलेल्या नाहीत. त्या बांधता येतात, आणि जगात काही ठिकाणी त्या बांधल्याही गेल्या आहेत.

माग आणि शाळा

मुंबई-आग्रा रस्त्यावर, कामवारी नदीच्या काठी वसलेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर होती. कोकणी मुसलमान इथले जुने रहिवासी. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातल्या विणकर वस्त्यांमधून मोमीन आणि अन्सारी कुटुंबे आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. आसपासच्या गावांत आगरी आणि कोळी, पाड्यांवर वारली आणि कातकरी. १९३० च्या दशकापासून हातमागांची जागा यंत्रमाग घेऊ लागले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतले कापडाचे काम मोठ्या प्रमाणावर इकडे वळले आणि भिवंडी देशातल्या सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक झाली. एकाच गल्लीत उर्दू, मराठी, तेलुगू आणि भोजपुरी ऐकू यावी, अशी ही वस्ती आहे.

या शहरातले शिक्षण मोठ्या प्रमाणावर समाजाने स्वतः उभे केले. कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीचे रईस हायस्कूल हे उर्दू माध्यमातल्या अनेक पिढ्यांचे पहिले दार ठरले. पद्मश्री अण्णासाहेब जाधव भारतीय समाज उन्नती मंडळाचे बी. एन. एन. महाविद्यालय १९६६ मध्ये सुरू झाले. १९८९ मध्ये कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीने रईस हायस्कूलच्याच आवारात जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय काढले. मुलीला रोज एसटीने ठाण्याला किंवा कल्याणला पाठवायला जी घरे तयार नव्हती, त्या घरांतल्या मुलींना पदवीचा वर्ग चालत जाण्याच्या अंतरावर मिळाला. या सोयीची गरज किती होती, हे समजायला मुस्लिम समाजाच्या स्थितीवरचा सच्चर समितीचा २००६ चा अहवाल पाहावा. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६५.१ टक्के होती, मुस्लिमांची ५९.१ टक्के. पुढच्या टप्प्यावर दरी आणखी रुंदावत होती. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमध्ये एक मुस्लिम होता आणि पदव्युत्तर वर्गांत पन्नासांमध्ये एक.

शहरात महाविद्यालय उभे राहिले म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम विज्ञान आणि गणिताच्या वर्गात होते. कला किंवा वाणिज्य शाखेकडे जाणाऱ्या मुलीला दहावीपर्यंतची शिदोरी बरीचशी पुरते. विज्ञानाकडे जाणाऱ्या मुलीपुढे अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात भाषा, चिन्हे, प्रयोगशाळा आणि वेग, सगळेच एकदम बदलते.

फुल्यांनी पाहिलेले नाते

वंचित समाजासाठी महाविद्यालये दीर्घकाळ चालवण्याचा अनुभव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाकडे आहे. त्या अनुभवाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ते पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. त्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेत नुकत्याच मुक्त झालेल्या माणसांसाठी महाविद्यालये उभी राहत होती. फिस्क १८६६ मध्ये, हॉवर्ड १८६७ मध्ये. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी फिस्कचेच माजी विद्यार्थी असलेले समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिकडच्या लढ्याची माहिती मागवली. त्याच वर्षी, २० जून १९४६ रोजी, आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले.

१९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने अमेरिकेत या संस्थांना स्वतंत्र ओळख दिली. १९६४ पूर्वी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीयांचे शिक्षण हेच मुख्य उद्दिष्ट असलेली महाविद्यालये म्हणजे ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालये. आज त्यांची संख्या शंभराच्या आसपास आहे आणि देशातल्या एकूण महाविद्यालयांत त्यांचा वाटा तीन टक्क्यांहून जास्त नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या पदव्यांमध्ये मात्र त्यांचा वाटा त्याच्या कितीतरी पट आहे. यांपैकी बहुतेकांकडे मोठा निधी नव्हता. तरीही हे झाले ते शिकवण्याच्या काही ठाम पद्धतींमुळे. त्यांतल्या दोन आणि बाहेरची एक, अशा तीन गोष्टी भिवंडीने नीट पाहाव्यात.

एका विद्यार्थिनीचा वर्ग

पहिली गोष्ट शिक्षकाच्या नजरेची. कॅथरीन जॉन्सन यांचा जन्म १९१८ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज या गावातला. तिथे कृष्णवर्णीय मुलांची शाळा आठवीला संपायची. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांच्या आईवडिलांनी शंभराहून अधिक मैलांवरच्या इन्स्टिट्यूट या गावी दुसरे बिऱ्हाड केले. तिथल्या वेस्ट व्हर्जिनिया स्टेट कॉलेजात डब्ल्यू. डब्ल्यू. शिफेलिन क्लेटर हे गणित शिकवत. त्यांनी १९३३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली होती. कातडीच्या रंगामुळे मोठ्या विद्यापीठांची दारे त्यांना बंद होती. या मुलीची झेप त्यांनी ओळखली आणि तिला सांगितले की तू संशोधक गणिती होऊ शकशील, मी तुझी तयारी करून घेईन. महाविद्यालयात शिकवले जाणारे गणित संपल्यावर त्यांनी अवकाशातल्या वैश्लेषिक भूमितीचा नवा अभ्यासक्रम आखला. त्या वर्गात एकच विद्यार्थिनी होती. १९३७ मध्ये, अठराव्या वर्षी, ती पदवीधर झाली. १९६२ मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले तेव्हा संगणकाने काढलेल्या कक्षेची आकडेमोड याच बाईंनी हाताने तपासून दिली. तिला लागणारे गणित तिला लहान गावातल्या एका लहान महाविद्यालयात मिळाले होते.

एका मुलीसाठी अभ्यासक्रम चालवणे हिशेबाच्या वहीत तोट्याचे दिसते. पण जिथे घरात गणित समजणारे कोणी नाही, मोठ्या शहरातल्या शिकवणीचे शुल्क परवडत नाही आणि नातेवाइकांत एकही संशोधक नाही, तिथे ‘तू पुढे जाऊ शकतेस’ हे सांगणारे पहिले माणूस शिक्षकच असते. ते वेळेवर सांगितले गेले नाही, तर कोणीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट न्यू ऑर्लिन्समधल्या झेवियर विद्यापीठाची. हे लहान कॅथलिक विद्यापीठ वर्षानुवर्षे अमेरिकेत सर्वाधिक कृष्णवर्णीय पदवीधरांना वैद्यकीय महाविद्यालयांत पाठवणाऱ्या संस्थांमध्ये राहिले आहे. तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक जे. डब्ल्यू. कारमायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात शिकवण्याची घडीच बदलली. पहिले वर्ष सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात नव्या विद्यार्थ्यांना काही आठवडे बोलावून तर्काने प्रश्न सोडवण्याचा सराव सुरू केला. विज्ञानाच्या पुस्तकांतल्या शब्दांची ओळख हा त्या सरावाचा अधिकृत भाग होता. रसायनशास्त्राच्या प्रत्येक तुकडीला एकच हस्तपुस्तिका दिली, त्यामुळे कोणता शिक्षक मिळतो यावर विद्यार्थ्याचे नशीब अवलंबून राहिले नाही. चाचण्या वारंवार घेतल्या, म्हणजे मागे पडणारा विद्यार्थी वार्षिक परीक्षेत नव्हे, तिसऱ्या आठवड्यातच लक्षात यावा. तिथे पहिल्या वर्षाच्या परीक्षेकडे चाळणी म्हणून पाहिले जात नव्हते. जितके आले त्यांतले जास्तीत जास्त पुढे न्यायचे, हाच तिचा हेतू होता.

तिसरी गोष्ट कृष्णवर्णीय महाविद्यालयातली नाही, पण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांविषयीची आहे. १९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उरी ट्रायझमन यांना एक कोडे पडले. चांगले गुण घेऊन आलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत मागे का पडतात? आळस, घरची उदासीनता, कच्चा पाया ही सगळी ठरलेली उत्तरे त्यांनी तपासली. विद्यार्थ्यांच्या खोल्यांवर जाऊन ते कसे अभ्यास करतात हे पाहिले. कृष्णवर्णीय विद्यार्थी तासन्‌तास एकटेच अभ्यास करत. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकट्याने आणि मग एकत्र बसून करत, एकमेकांच्या चुका काढत, परीक्षेत काय विचारले जाते याची माहिती वाटून घेत. ट्रायझमन यांनी मग गटात बसून प्रश्न सोडवण्याचे वर्ग सुरू केले. त्यांत सोपी, उजळणीची गणिते दिली नाहीत. नेहमीपेक्षा कठीण गणिते दिली. निकाल झपाट्याने सुधारले. ‘कच्च्या मुलांचा जादा तास’ म्हटले की मुले खाली मान घालून येतात. ‘अवघड गणितांचा अड्डा’ म्हटले की ताठ मानेने येतात.

मिलिंद आणि होमी भाभा केंद्र

यातले बरेच महाराष्ट्राने स्वतः करून पाहिले आहे. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. हेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा तेव्हा नुकताच निजामाच्या राजवटीतून बाहेर पडला होता. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत हे महाविद्यालय हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या काळात खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांसाठी नागसेनवन या महाविद्यालयाच्या परिसरात वसतिगृहे उभी राहिली. ज्याच्या घरी कंदिलाचे तेलही जपून वापरावे लागे, त्याला वाचायला उजेड, जेवण आणि सोबती एकाच ठिकाणी मिळाले. विज्ञानाचे शिक्षण हे मिलिंदच्या कामाचे अंग होते. पुढे तिथे विज्ञानाचे स्वतंत्र महाविद्यालयच झाले.

मुंबईत १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. व्ही. जी. कुळकर्णी यांच्या नेतृत्वाखाली केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील शाळांत काम केले. नंतर मुंबई महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची मुले निवडून त्यांना शालान्त परीक्षेपर्यंत जादा मार्गदर्शन दिले. ही मुले त्यांच्या शाळांच्या नेहमीच्या निकालांपेक्षा ठळकपणे पुढे गेली. त्यांच्यात काही नव्याने घातले गेले नव्हते. होते तेच वर आले. याच केंद्राच्या आणखी एका अभ्यासात विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी करण्यात आली. आशय तोच ठेवला, वाक्ये मुलांच्या बोलीजवळ आणली. तेवढ्याने मुलांचे गुण वाढले आणि वर्गात ती जास्त बोलू लागली.

या एका निष्कर्षावर भिवंडीचे विज्ञान शिक्षण उभे करता येईल.

अकरावीचा उंबरठा

भिवंडीतली उर्दू माध्यमाची मुलगी दहावीपर्यंत बालभारतीच्या उर्दू पुस्तकांतून शिकते. प्रकाशसंश्लेषण तिच्यासाठी झियाई तालीफ असते, घनता म्हणजे कसाफत, त्रिकोण म्हणजे मुसल्लस. तिच्या वहीत मजकूर उजवीकडून डावीकडे जातो आणि समीकरण डावीकडून उजवीकडे. या दोन दिशा ती सहज सांभाळते. अकरावीची विज्ञान शाखा प्रत्यक्षात इंग्रजीतच शिकवली जाते. मराठी माध्यमाच्या आगरी मुलालाही याच उंबरठ्यावर ठेच लागते. दोघांनाही त्वरण कळते, ‘ॲक्सिलरेशन’ कळत नाही. वर्गात ती गप्प बसतात आणि शिक्षक समजतो की भौतिकशास्त्रच कळत नाही. २०१८ पासून वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा उर्दूतही देता येते. पण बाजारातली तयारीची पुस्तके आणि शिकवण्या बहुतांश इंग्रजीतच असल्यामुळे हा उंबरठा कमी झालेला नाही.

यावरचा पहिला उपाय झेवियरने दाखवला आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावी पावसाळ्यात सुरू होते. मधले दोन-अडीच महिने भिवंडीतली मुले मामाच्या गावी जातात, कारखान्यात कांडी भरतात किंवा घरी बसतात. या काळात चार आठवड्यांचा सेतूवर्ग घेता येईल. त्यात नवा धडा एकही नको. दहावीत शिकलेले विज्ञान आणि गणित पुन्हा एकदा, यावेळी दोन भाषांत. प्रत्येक मुलीने आपल्या वहीत तीन स्तंभांचा कोश स्वतः लिहावा: उर्दू किंवा मराठी, इंग्रजी आणि एक आकृती. पुढे दोन वर्षे वर्गात प्रश्न कोणत्याही भाषेत विचारण्याची मुभा असावी. उत्तराची भाषा हळूहळू बदलते. प्रश्नाची भाषा आधीच बदलायला लावली, तर प्रश्नच थांबतात.

दुसरा उपाय गटाचा. दिवसाच्या तासांनंतर महाविद्यालयाची एक खोली संध्याकाळी दोन तास उघडी ठेवायची, चार-चारच्या गटांत अवघड गणिते द्यायची आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींना मानधन देऊन मदतीला बसवायचे. भिवंडीतल्या घरांत जागा कमी आणि मागांचा खडखडाट रात्रीही चालू, म्हणून अशा खोलीची गरज इथे बर्कलीपेक्षा जास्त आहे. मुलींसाठी या वर्गाची वेळ मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजाआधी संपेल आणि परतीची सोबत ठरलेली असेल, एवढी काळजी घेतली की घरचा नकार निम्मा विरघळतो.

मागावरचे भौतिकशास्त्र

तिसरा उपाय या शहराच्या हातातच आहे, पण त्यात एक धोका आहे. अमेरिकेतही या धोक्यावरून मोठा वाद झाला होता. १८८१ मध्ये टस्कीगी संस्था उभारणारे बुकर टी. वॉशिंग्टन हस्तव्यवसायाच्या शिक्षणावर भर देत. ड्यू बॉइस म्हणत, की समाजाला उच्च शिक्षणापासून दूर ठेवून फक्त कारागीर बनवणे म्हणजे त्याचा वरचा मार्ग कापणे. विणकराच्या मुलांना मागाचेच शिक्षण द्या, असे कोणी म्हणाले तर त्यात हाच मार्ग पुन्हा बंद होतो. मागाकडे मुक्काम म्हणून पाहू नये. त्याला बीजगणिताचे आणि भौतिकशास्त्राचे दार करावे.

साधा माग पाहा. धोटा एकदा आरपार गेला की एक पिक, म्हणजे एक आडवा धागा, पडते. क्रँक शाफ्टच्या एका फेऱ्यात एक पिक. साध्या विणीत उभे धागे उचलणाऱ्या वह्या आळीपाळीने वरखाली करणारा खालचा शाफ्ट दोन पिकांत एकदा फिरतो, म्हणून त्याच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दात. मोटर मिनिटाला ९६० फेरे आणि माग मिनिटाला १६० पिक असेल, तर मधले गुणोत्तर सहास एक. आता उत्पादन काढा. माग मिनिटाला १५० पिक टाकतो, कापडात इंचाला ५० पिक आहेत आणि धागा तुटणे, कांडी बदलणे यांत वेळ जाऊन कार्यक्षमता ८० टक्के उरते. तासाला ७२०० पिक पडतात. एका मीटरला सुमारे १९६९ पिक लागतात. म्हणजे ताशी ३.६६ मीटर कापड. मजुरी मीटरवर ठरते, तेव्हा बारा तासांच्या पाळीचा हिशेब ही मुलगी स्वतः मांडू शकते. कार्यक्षमता दहा टक्क्यांनी घसरली तर घरात किती कमी पैसे येतील, हे तिचे पहिले फल (फंक्शन) आणि पहिला आलेख होतो. धाग्याचा ताण, मोटरची शक्ती, धोट्याचा संवेग, कापडाच्या रंगातले रसायन, कारखान्यातल्या आवाजाचा डेसिबलमधला लघुगणक, असे सगळे अभ्यासक्रमातलेच विषय तिच्या घरापासून पन्नास पावलांवर आहेत.

अशा उदाहरणांपासून सुरुवात करावी आणि तिथे थांबू नये. काउंट आणि डेनियर यांच्या वक्रावरून कलनाकडे जावे, संवेगावरून उपग्रहाच्या कक्षेकडे. क्लेटर यांनी आपल्या विद्यार्थिनीला अवकाशाची भूमिती शिकवली तेव्हा त्या राज्यात कृष्णवर्णीय मुलीसाठी तसले कोणतेही काम नव्हते. त्यांनी तिला शिकवले ते उपलब्ध नोकरीच्या मापाने नव्हे, तिच्या बुद्धीच्या मापाने.

मोजायचे काय

आज महाविद्यालयांची परीक्षा गुणवत्ता यादीवरून होते. ज्यांनी आधीच नव्वद टक्के मिळवलेले विद्यार्थी घेतले, त्यांचे निकाल चांगले लागतात आणि त्यांनाच अनुदान, कंपन्या आणि कौतुक मिळते. भिवंडीच्या महाविद्यालयांवर ही मोजपट्टी कायम अन्याय करील. त्यांनी आपला हिशेब वेगळा मांडावा आणि तो दरवर्षी जाहीर करावा. विज्ञान शाखेत किती मुली आल्या, त्यांतल्या किती तिसऱ्या वर्षापर्यंत टिकल्या, किती पदव्युत्तर वर्गात गेल्या, किती जणी याच शहरात गणिताच्या शिक्षिका म्हणून परतल्या. या चार आकड्यांवरून संस्थेची ताकद कळेल आणि गळती कुठे होते तेही दिसेल.

त्यातला चौथा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गणितात डॉक्टरेट मिळवणारे जगातले पहिले कृष्णवर्णीय एल्बर्ट कॉक्स यांनी ती १९२५ मध्ये कॉर्नेलमधून मिळवली आणि पुढे अनेक वर्षे हॉवर्डमध्ये शिकवले. एक पिढी पुढच्या पिढीला वर्गात भेटत राहिली, म्हणून त्या महाविद्यालयांत गणित रुजले. भिवंडीतही उर्दू, मराठी आणि तेलुगू घरांतल्या मुली भौतिकशास्त्र आणि गणित शिकून याच शहराच्या वर्गांत उभ्या राहतील, तेव्हा सेतूवर्ग वेगळा घ्यावा लागणार नाही. त्या दिवसापर्यंत तो दर उन्हाळ्यात घेत राहणे, त्यासाठी खोली, शिक्षक आणि पैसा उभा करणे, हे कारखानदारांपासून महापालिकेपर्यंत या शहरातल्या प्रत्येक जाणत्या माणसाचे काम आहे.